सोवळ्यातला मोबाईल

नैवेद्याआधी आपण हात स्वच्छ धुतो. मग आरती बघायला मोबाईल उघडतो आणि त्याच हाताने तीर्थ देतो! तो मात्र राजवाड्याच्या गर्दीत, भाजीच्या ठेल्यावर, (खरं सांगायचं तर) बाथरूममध्येसुद्धा फिरून आलेला. घरी तान्हं बाळ, आजारी सासूबाई असतील तर त्यांना बाधायला तेवढं पुरतं.

चार्जर काढून फोन बंद करा. ७०% आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ कापड ओलसर करून (निथळतं नको) अलगद पुसा. फोनवर थेट फवारा नको, ब्लीच तर मुळीच नको. सिलिकॉनचं कव्हर काढून साबणाने धुवा, पूर्ण कोरडं झाल्यावरच चढवा. आणि हो, गंगाजलही शिंपडू नका, आत पाणी गेलं की बिघडलाच!

गुरुवारी प्रसाद वाटणाऱ्या ताईंनी मोबाईल पर्समध्येच ठेवावा.