पाहिल्याचे ऋण

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले, की आमच्या घरी तुळशीवृंदावनापाशी कारीट फोडण्याची रीत आहे. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली ते हिरवे इवलेसे फळ चिरडायचे, त्याचा रस जिभेला लावायचा आणि ‘गोविंदा’ म्हणत घरात यायचे. ते फळ म्हणजे नरकासुर! त्याला मिशा नाहीत, सुळे नाहीत, हातात शस्त्र नाही. तरी ‘असुराचे नाक कुठे आहे?’ असे घरातल्या लहानात लहान पोरानेही कधी विचारल्याचे मला आठवत नाही. वसुबारसेला दारात गोपद्मे काढतात, तेव्हा गाय कुणी काढत नाही. खुरांचा ठसा पुरतो. लक्ष्मीची तर नुसती पावलेच.

मग हीच आपण माणसे चित्रप्रदर्शनात गेली, की एकाएकी एवढी हिशेबी का होतात?

काही वर्षांपूर्वी मुंबईत तय्यब मेहता यांची चित्रे पाहायला मी आमच्या मामांना घेऊन गेलो होतो. एका चित्रात माणूस कोसळत होता. कोठून आणि कोठे, ते कळत नव्हते. हात एकीकडे, पाय दुसरीकडे, तोंड उघडे. मागे रंगाचे मोठे सपाट पट्टे. मामा पुष्कळ वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “अरे, या गृहस्थाला हातपाय नीट काढता येत नव्हते का?”

प्रश्न भाबडा आहे, पण टाकाऊ नाही. तय्यब मेहता जे. जे. कलाशाळेत शिकलेले. हुबेहूब माणूस काढणे त्यांना नक्कीच अवघड नव्हते. मग जमत असूनही त्यांनी तो मोडला का? याचे उत्तर कलेपेक्षा नीतीच्या प्रांतात सापडते, असे मला वाटू लागले आहे.

ते १९२५ साली गुजरातेत कपडवंजला जन्मले आणि मुंबईत वाढले. १९४७ च्या दंगलींत, महंमद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून, खाली रस्त्यावर जमावाने एका माणसाला ठार मारताना त्यांनी पाहिले. बावीस वर्षांचा तरुण वर खिडकीत, मरणारा खाली, आणि मध्ये काहीही करता न येण्याएवढे अंतर. ते दृश्य त्यांच्या मनातून जन्मभर गेले नाही.

आता कल्पना करा, की त्यांनी तो प्रसंग जसाच्या तसा रंगवला असता. रस्ता, जमाव, दगड, रक्त. आपण पहिल्याप्रथम काय शोधले असते? मेलेल्याचा वेश. तो कोणाचा होता आणि मारणारे कोणाचे होते. तेवढे कळले, की निम्म्यांना संताप आला असता आणि निम्म्यांना कारणे सुचली असती. माणूस मेला ही गोष्ट त्या गलबल्यात दुसऱ्यांदा मेली असती.

त्यांनी ते केले नाही. ते बैलाकडे वळले. कत्तलखान्यात पाय बांधून आडवा पाडलेला बैल त्यांच्या चित्रांत पुन्हापुन्हा येतो. एवढे मोठे बळ, आणि हलता येत नाही! १९७० साली त्यांनी ‘कूडल’ हा लघुपट केला, त्यातही वांद्र्याच्या कत्तलखान्याची दृश्ये आहेत. बैलाला जात नसते, पक्ष नसतो. त्याच्याकडे पाहताना बाजू घ्यायला जागा उरत नाही; उरते ती नुसती असहायता. पुढे कोसळणारा माणूस आला, हातरिक्षा ओढणारा आला, आणि कितीतरी वर्षांनी काली व महिषासुर आले. रूपे निराळी, खिडकीतून दिसलेले एकच दृश्य त्या सर्वांच्या तळाशी असावे, असे मला वाटते.

करण्याची रीतही बदलत गेली. लंडनमध्ये १९५९ ते १९६४ या काळात राहत असताना त्यांचा रंग जाड होता, कुंचल्याचे फटकारे दिसत. १९६८ मध्ये ते अमेरिकेला गेले, आणि त्यानंतर कॅनव्हास कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चिरणारी तिरकी रेघ आली. रंग सपाट झाले, हाताचा थरथराट पुसला गेला. आक्रोश फटकाऱ्यांतून निघून गेला आणि रेषेत जाऊन बसला. मनाजोगते न उतरलेले कॅनव्हास ते नष्ट करून टाकीत.

हे सारे मी मामांना घरी येताना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि दुसरा प्रश्न टाकला. तो मात्र भाबडा नव्हता. “म्हणजे दुःख निववून सुबक केले, असेच ना? श्रीमंतांच्या भिंतीवर शोभेल असे? त्या मेलेल्याला काय मिळाले?”

खरे उत्तर ‘काहीच नाही’ असे आहे. तय्यब मेहतांचे ‘महिषासुर’ हे चित्र २००५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात पंधरा लाख डॉलरांच्या वर गेले. त्यातला एक छदामही रस्त्यावर मेलेल्या माणसापर्यंत पोचणार नव्हता. चित्राने ऋण फिटते, असे म्हणणारा स्वतःला फसवतो. मी मामांपुढे गप्प बसलो. पण त्या गप्प बसण्यात मला माझीच एक गोष्ट आठवली, ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

फार वर्षांपूर्वी मी गॅलरीत उभा असताना खाली लोक एका पोराला चोर म्हणून बडवीत होते. मी खाली गेलो नाही. आत आलो आणि दार लावून घेतले. पुढे ही हकिकत मी अनेक बैठकींत सांगितली. बरी सांगतो, असे लोक म्हणत. एकदा सांगता सांगता माझ्या तोंडून गेले, “त्याचा सदरा निळा होता,” आणि मी चपापलो. सदरा कोणत्या रंगाचा होता, मला ठाऊकच नव्हते! दर वेळी मी एकेक तपशील वाढवीत गेलो होतो. तो पोरगा दिवसेंदिवस हुबेहूब होत होता, आणि गॅलरीतला मी मात्र हळूहळू हकिकतीतून नाहीसा झालो होतो.

तेव्हा मला उमगले, की हुबेहूब म्हणजे खरे नव्हे. मी भर घालून खोटे बोललो. त्या चित्रकाराने गाळून गाळून खरे सांगितले. जो चेहरा आपल्या मालकीचा नाही, तो त्याने विकायला काढला नाही. त्याने फक्त कोसळणे ठेवले, बांधलेले पाय ठेवले, उघडे तोंड ठेवले, आणि पाहणाऱ्याला पुन्हा त्या खिडकीत उभे केले. ऋण फिटत नाही. पण ते नाकारायचे नाही, एवढे माणसाच्या हाती असते.

त्यांच्या ‘महिषासुर’ चित्रात देवी आणि असुर एकमेकांत असे गुंतले आहेत, की कोण कोठे संपते ते चटकन सांगता येत नाही. मामांना ते चित्र पुस्तकात दाखवले. ते काही बोलले नाहीत. पण त्या वर्षीच्या चतुर्दशीला कारीट फोडून त्यांनी रसाचे बोट जिभेला लावले, तोंड वाकडे केले आणि मला म्हणाले, “असुर पायाखाली चिरडायचा, हे ठीक. पण त्याचा कडूपणा आपल्याच जिभेला का लावायला सांगितला असेल रे?”

उत्तराची वाट न पाहता ते फराळाला आत गेले.