निळी सफर : सांगावे की राखावे?

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य टोकाला, बोद्रुम आणि दात्चा या दोन द्वीपकल्पांच्या मधोमध गोकोवाचे आखात आहे. पाइनची रांग डोंगरावरून उतरत थेट पाण्याला भिडते आणि काठापासून थोड्या अंतरावर समुद्र एकदम खोल होतो. उन्हाळ्यात इथे मेल्तेम नावाचा वायव्येचा वारा वाहतो. सकाळी तो मंद असतो, दुपारनंतर जोर धरतो. त्यामुळे इथल्या सफरीचा दिनक्रम ठरतो तो वाऱ्याने: भल्या सकाळी निघायचे, दुपारच्या आत एखादी आडोशाची खाडी गाठायची, पुढून नांगर टाकून होडी मागे सरकवायची आणि मागचा दोर किनाऱ्यावरच्या खडकाला किंवा झाडाला बांधायचा. मग पोहणे, जेवण, गप्पा. या सफरीला तुर्की भाषेत ‘मावी योलजुलुक’, म्हणजे निळी सफर म्हणतात. आज ते पर्यटनातले रुळलेले नाव आहे. पण ते मुळात मित्रांच्या एका लहानशा मेळ्याचे होते, आणि मित्रांचे नाव बाजाराचे कसे झाले यातच इथला नैतिक पेच आहे.

या सफरीचे जनक जेवात शाकिर काबाआच्ली (1890–1973). ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या या लेखकाला 1925 मध्ये एका लेखाबद्दल विशेष न्यायालयाने तीन वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा दिली आणि बोद्रुमला धाडले. बोद्रुम त्या वेळी आडबाजूचे, स्पंज काढणाऱ्यांचे आणि कोळ्यांचे गाव होते. शिक्षेचा उरलेला काळ इस्तंबूलमध्ये काढायची मुभा मिळाली, तो संपला, आणि हा माणूस आपण होऊन बोद्रुमला परतला. शिक्षा म्हणून मिळालेले गाव त्याने घर म्हणून निवडले. तिथे झाडे लावली, कोळ्यांच्या कथा लिहिल्या आणि गावाच्या प्राचीन नावावरून ‘हालिकार्नासचा कोळी’ हे टोपणनाव घेतले. 1940च्या दशकापासून साबाहात्तिन एयुबोलू, पुढे आज्रा एरहात अशा लेखक-अनुवादक मित्रांना घेऊन तो स्पंजवाल्यांच्या होडीतून गोकोवात फिरू लागला. सामान बेताचे: कडक पाव, चीज, पाणी, तंबाखू आणि राकी नावाची दारू. झोप उघड्या फळ्यांवर. वर्तमानपत्र आणि रेडिओ बरोबर नाही. ग्रीक भाषेच्या जाणकार आणि होमरच्या अनुवादक असलेल्या एरहात यांनी या सफरींवर ‘मावी योलजुलुक’ हे पुस्तक 1962 मध्ये प्रसिद्ध केले.

पुढच्या दशकांत लोक येऊ लागले. 1980च्या दशकात पूर्व भूमध्य समुद्रातल्या स्पंजांवर रोग पडून तो धंदा बसला, आणि लाकडी होड्या बांधणाऱ्या बोद्रुम-बोझबुरुनच्या सुतारांना पर्यटकांसाठी ‘गुलेत’ बांधायचे काम मिळाले. दोन डोलकाठ्यांची, रुंद पाठीची ही होडी. तिची शिडे बहुतेक वेळ गुंडाळलेलीच असतात आणि ती इंजिनावर चालते.

पेच असा: मित्रांबरोबर एखाद्या किनाऱ्यावर निखळ आनंद मिळाला, तर तो इतरांना सांगावा का? सांगितल्याने आनंद वाटला जातो आणि जागा झिजते. न सांगितल्याने जागा राहते, पण ती थोड्यांचीच राहते. आपल्याकडच्या शास्त्रार्थाच्या रीतीने न सांगण्याची बाजू पूर्वपक्षाला आणि सांगण्याची उत्तरपक्षाला दिली, तर वाद पुढीलप्रमाणे चालतो.

पूर्वपक्ष म्हणतो, “एरहात यांच्या पुस्तकात वाईट काहीच नव्हते, आणि म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे. लोभी माणसाने जागा विकली तर दोष कुठे आहे ते दिसते. इथे तर प्रेमाने लिहिले गेले. तरीही त्या लेखनाने ज्या शांततेचे वर्णन केले ती शांतता राहिली नाही. दहा माणसांची होडी खाडीत आली तर खाडी तशीच राहते. तशाच चाळीस होड्या आल्या तर खाडीचा वाहनतळ होतो. यातल्या कोणत्याही एका होडीने अपराध केलेला नसतो.”

उत्तरपक्ष विचारतो, “शांतता होती ती कोणासाठी? बोद्रुमच्या कोळ्याला ती खाडी कधीच गुप्त नव्हती. त्याचा बाप तिथे जाळे टाकत होता. गुप्त होती ती इस्तंबूलच्या वाचकाला. तुम्ही ज्याला राखणे म्हणता, ते चार सुशिक्षितांनी आपल्यापुरते कुंपण घालणे ठरत नाही का? शिवाय स्पंज गेल्यावर त्या गावाने काय खायचे होते?”

हा आक्षेप वजनदार आहे. जागा अबाधित राहावी असे म्हणणारा बहुधा तिथे राहत नसतो, आणि राहणाऱ्याची गरज हिशेबात न धरणारे सौंदर्यप्रेम अपुरे असते. पूर्वपक्षही हे नाकारत नाही. तो आपले म्हणणे दुरुस्त करतो: “मी मौन पाळा म्हणत नाही. मित्राला सांगा, पण त्याला बरोबर नेऊन सांगा. काबाआच्लीने तेच केले. जो बरोबर येतो तो नेणाऱ्याचे पाहून शिकतो: नांगर कुठे टाकायचा, खरकटे कुठे टाकायचे नाही, कोणत्या कोळ्याला हाक मारायची. हाताला धरून दाखवलेल्या जागेबरोबर तिथली रीतही पोचते. छापील पानातून फक्त पत्ता पोचतो.”

उत्तरपक्ष म्हणतो, “आणि ज्याला असा मित्रच नाही, त्याने काय करायचे? कडक पाव आणि उघडी फळी ही तर गरिबालाही परवडणारी सुट्टी. पण तिची वाट ओळखीतूनच जाणार असेल, तर ती कमी खर्चाची असूनही मोजक्यांचीच राहील. हिरोडोटस याच हालिकार्नासचा. पाहिले-ऐकले ते त्याने अनोळखी माणसांसाठी लिहून ठेवले, म्हणून आपल्याला ते माहीत आहे. अनोळखी वाचकावर विश्वास ठेवल्याशिवाय लेखन होतच नाही.”

इथवर वाद माणसामाणसांतला आहे, आणि त्यात उत्तरपक्ष वरचढ ठरतो. पण पूर्वपक्षाचा खरा आधार पाण्याखाली आहे. भूमध्य समुद्रातच आढळणारी पोसिडोनिया हे शेवाळ नव्हे. मुळे, फुले आणि फळे असलेली ती खरी वनस्पती आहे. स्वच्छ पाण्यात ती सुमारे चाळीस मीटर खोलीपर्यंत कुरणासारखी पसरते. माशांची पिल्ले तिच्यात वाढतात, तिच्या मुळांनी वाळू धरून ठेवली जाते, काठावर साचलेल्या तिच्या पात्यांमुळे किनारा खचत नाही. तिची आडवी खोडे वर्षाला काही सेंटिमीटरच सरकतात. नांगर रुतला, साखळी फरफटली आणि तो उपटला की कुरणात पडलेले भगदाड भरायला एक पिढीही पुरत नाही. म्हणजे एका दुपारच्या पोहण्याची किंमत नातवंडांच्या काळापर्यंत चालते, आणि होडीवरच्या कोणालाही ती दिसत नाही, कारण वरून पाणी तितकेच निळे असते. किनाऱ्यावरही तसेच: मागचा दोर रोज नव्या होडीने त्याच पाइनला बांधला की साल सोलवटते आणि झाड हळूहळू वाळते.

“इथे तुमचा अनोळखी वाचक काय करणार?” पूर्वपक्ष विचारतो. “तो सज्जन आहे, पण त्याला गवत दिसत नाही.”

“मग नियम करा,” उत्तरपक्ष म्हणतो. “बालेआरिक बेटांनी 2018 मध्ये पोसिडोनियावर नांगर टाकण्यास मनाई केली. फ्रान्सनेही मोठ्या नौकांना आपल्या भूमध्य किनाऱ्यावर तशी बंदी घातली. गोकोवा तर 1988 पासूनच विशेष पर्यावरण संरक्षण क्षेत्र आहे.”

“कागदावरची रेघ पाण्यावर उमटत नाही. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झाले, आणि तिथल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षे त्याला विरोध केला, कारण आपला समुद्र आपल्याला न विचारता आखून टाकला ही भावना होती. नियम वरून आला की तो पाळणाऱ्याचा होत नाही.”

हा मुद्दा दोन्ही पक्षांना नव्या जागी आणून सोडतो. त्याचे उत्तर तुर्कस्तानच्याच किनाऱ्यावर, गोकोवाच्या पूर्वेला असलेल्या अलान्यात सापडते. तिथे 1970च्या दशकात शंभरेक कोळ्यांमध्ये चांगल्या जागांवरून भांडणे होत. सहकारी संस्थेच्या पुढाकाराने त्यांनी प्रयोग करत एक पद्धत बसवली. दर सप्टेंबरला मासेमारीच्या सगळ्या जागांची नावे लिहून यादी करायची आणि चिठ्ठ्या टाकून वाटणी करायची. जागा इतक्या अंतरावर, की एकाच्या जाळ्याने दुसऱ्याचे मासे अडू नयेत. जानेवारीपर्यंत प्रत्येकाने रोज पूर्वेकडच्या पुढच्या जागी सरकायचे, नंतर मेपर्यंत पश्चिमेकडे. त्यामुळे स्थलांतर करणाऱ्या माशांवर सर्वांना सारखी संधी मिळे, आणि पहारा आपोआप होई, कारण आपल्या पाळीची चांगली जागा कोणीच सोडत नसे. फिक्रेत बेर्केस यांनी या पद्धतीचा अभ्यास केला. 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990च्या आपल्या ग्रंथात तिचे विवेचन केले. सामायिक मालमत्ता लुटलीच जाते, हा गॅरेट हार्डिन यांच्या 1968च्या निबंधाने रूढ केलेला समज त्यांनी अशाच उदाहरणांनी खोडून काढला.

उत्तरपक्षाला यात आपल्या बाजूचा पुरावा दिसतो: “अलान्यात पहिले काम कोणते झाले? सगळ्या जागांची नावे उघडपणे लिहिली गेली. प्रत्येकाने आपली जागा मनात ठेवली असती तर वाटणी झालीच नसती. नाव ठाऊक नसलेल्या खाडीला पाळी लावता येत नाही, पहारेकरी नेमता येत नाही, आणि उद्या तिथे कोणी हॉटेल बांधायला निघाले तर तिच्या बाजूने कोणी उभेही राहत नाही.”

पूर्वपक्षाची शंका रास्त आहे: “ते शंभर कोळी एकमेकांना ओळखत होते. पुढच्या वर्षी त्यांना त्याच समुद्रात यायचे होते. सुट्टीवरचा माणूस शनिवारी येतो आणि पुढच्या शनिवारी जातो. त्याला पाळीचे काय?”

“पाहुणा जातो, होडी राहते. तांडेल राहतो. बंधन पाहुण्यावर नको, तांडेलावर आणि होडी भाड्याने देणाऱ्यावर घाला. खाड्यांची यादी, रोजच्या होड्यांची मर्यादा, झाडाऐवजी दोर बांधायला खडकात ठोकलेल्या कड्या, नांगराऐवजी तळाशी कायमचे बसवलेले बोये. हे ठरवताना तांडेलच बसलेले असले, तर त्यांना ते परके वाटणार नाही.”

पूर्वपक्ष इतके मान्य करतो, पण लिहिणाऱ्याची जबाबदारी सोडत नाही. खाडीचे नाव लिहायचे तर तिचा तळही लिहिला पाहिजे: वाळू कुठे आहे, गवत कुठे सुरू होते, किती होड्यांनंतर परत फिरायचे, किनाऱ्यावर कोण राहते. सौंदर्याचे वर्णन करून थांबलेला लेख अर्धा आहे, आणि तो अर्धाच घातक ठरतो. ही अट उत्तरपक्षाला मान्य होते. प्रवासलेखनाकडून मात्र आजवर ती क्वचितच मागितली गेली आहे.

शेवटचा मतभेद उरतो तो काही मोजक्या जागांबद्दल. पूर्वपक्षाच्या मते काही खाड्या कधीच सांगू नयेत. उत्तरपक्ष त्यावर गोकोवातल्याच बोंजुक खाडीकडे बोट दाखवतो. तिथल्या उथळ पाण्यात सँडबार जातीचे शार्क येतात. ही खाडी लोकांना नावानिशी माहीत आहे आणि तिथे मासेमारीला बंदी आहे. आखातातल्या अशा बंदी असलेल्या पट्ट्यांवर गस्त घालणाऱ्या सागररक्षकांत स्थानिक माणसेच आहेत. गस्तीची होडी कोणत्या तोंडाशी उभी करायची, हे त्यांना त्या नावावरूनच कळते.