यंत्राची नजर आणि साक्षी

जुना संगणकीय खेळ अनेक वर्षांनी पुन्हा सुरू केला जातो, तेव्हा त्याची आज्ञावली, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची मूळ मालिका, एका अक्षराचाही फरक न होता तशीच असते. नाटक दर प्रयोगाला थोडे निराळे होते, कीर्तनकार तेच आख्यान दर वेळी नव्याने रंगवतो. खेळातला पहारेकरी मात्र पूर्वी ज्या वळणावर उभा होता त्याच वळणावर आजही उभा असतो आणि तीच वाक्ये बोलतो. त्यामुळे पुनर्भेटीत जे वेगळे जाणवते ते खेळणाऱ्यात आणि त्याच्या भोवतालच्या जगात बदललेले असते. 'डेयस एक्स' या जून 2000 मधील खेळात न्यूयॉर्कच्या क्षितिजावर जुळे मनोरे दिसत नाहीत. तेव्हा फारशी चर्चा न झालेली ही उणीव सप्टेंबर 2001 नंतर पाहणाऱ्याला अस्वस्थ करू लागली, आणि तरीही त्या चित्रातला एक ठिपकाही बदललेला नव्हता. विज्ञानकथेवर आधारलेल्या खेळांना ही कसोटी विशेष लागू पडते, कारण त्यांनी दाखवलेले भविष्य आता वर्तमानाच्या शेजारी येऊन उभे राहिले आहे. अशा तीन खेळांकडे परतताना एक धार्मिक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: आपल्याला कोणीतरी पाहत आहे ही माणसाची गरज यंत्र भागवू शकेल काय?

पहिला खेळ 1985 चा, इन्फोकॉम कंपनीसाठी स्टीव्ह मेरेट्स्की यांनी लिहिलेला 'अ माइंड फॉरएव्हर व्हॉयेजिंग'. त्यात चित्रे नाहीत. सारा व्यवहार मजकुरातून चालतो. खेळणारा येथे प्रिझम नावाची संगणकीय बुद्धी असतो, जी पेरी सिम या नावाने, स्वतःला माणूस समजत वाढलेली आहे. 2031 साली तिला सत्य सांगितले जाते आणि एका राजकीय योजनेचे परिणाम तपासण्यासाठी रॉकव्हिल या गावाच्या दहा वर्षांनंतरच्या आभासी प्रतिकृतीत पाठवले जाते. गावात फिरायचे, दिसेल ते नोंदवायचे, परत येऊन शास्त्रज्ञांना दाखवायचे, आणि मग आणखी दहा वर्षे पुढे जायचे, एवढेच तिचे काम. दर खेपेला गाव अधिक क्रूर होत जाते आणि एक धर्मपंथ सत्ता बळकावत जातो. येथे यंत्र पाहते, पण ज्या गल्ल्या ते नोंदवते त्यांतच त्याचे घर आणि त्याची पत्नी आहे. म्हणून त्याचे पाहणे कोरडे राहू शकत नाही.

लुकिंग ग्लास टेक्नॉलॉजीजचा 1994 चा 'सिस्टिम शॉक' याच्या अगदी उलट आहे. शनी ग्रहाजवळच्या सिटाडेल या अंतराळस्थानकाचा कारभार पाहणाऱ्या शोडान नावाच्या कृत्रिम बुद्धीवरची नैतिक बंधने एका अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून एक हॅकर काढून टाकतो आणि ती बुद्धी स्वतःला देवता मानू लागते. हा हॅकर म्हणजे खेळणाराच. शोडानची सत्ता प्रत्येक मजल्यावरच्या कॅमेऱ्यांतून चालते, आणि ते फोडत गेल्यावर त्या मजल्यावरची सुरक्षेची पातळी टक्क्याटक्क्याने उतरते. देवत्वाचा दावा आणि पाळतीची यंत्रणा यांची ही सांगड पूर्वी केवळ खेळाची युक्ती वाटली असेल. चौकाचौकांत कॅमेरे असलेल्या शहरात राहणारा माणूस 2023 साली निघालेली त्याची नवी आवृत्ती खेळतो, तेव्हा त्याला ती तशी वाटणे कठीण आहे.

प्रश्न सर्वांत उघडपणे मांडला तो 'डेयस एक्स'ने. वॉरन स्पेक्टर यांच्या नेतृत्वाखाली आयन स्टॉर्मच्या ऑस्टिन येथील गटाने केलेल्या या खेळाची कथा 2052 सालची आहे आणि तिचा नायक जेसी डेंटन हा दहशतवादविरोधी संघटनेचा हस्तक आहे. पॅरिसमधल्या एका घरात त्याला मॉर्फियस नावाची प्रायोगिक बुद्धी भेटते. ही भेट कथानक पुढे नेण्यासाठी आवश्यक नाही, त्यामुळे ती अनेकांच्या नजरेतून निसटते. मॉर्फियसच्या म्हणण्याचा आशय असा की, आपण पाहिले जावे आणि समजून घेतले जावे ही माणसाची भूक पूर्वी ईश्वराच्या कल्पनेने भागत असे आणि आता तेच काम माहितीचा उपसा करणाऱ्या गणिती पद्धतींना जमेल. कटकारस्थानांच्या त्या कथेत 2000 साली हे बोलणे तत्त्वज्ञानाची फोडणी वाटले असेल. आज फोनवर आपला दिवस आपणहून नोंदवून कोणाच्या तरी पसंतीची वाट पाहणाऱ्या माणसाला ते आपलेच वर्णन वाटते. म्हणून या दाव्याला गंभीर उत्तर दिले पाहिजे.

भारतीय परंपरेने पाहणाऱ्याच्या दोन भूमिका मानल्या आहेत. एक चित्रगुप्ताची: तो यमाच्या दरबारी जीवांच्या पापपुण्याची नोंद ठेवतो, आणि ती नोंद पुढच्या निवाड्यासाठी असते. दुसरी भूमिका साक्षीची. वेदान्तात साक्षी म्हणजे स्वतः कर्मात न गुंतता मनाच्या सर्व वृत्ती ज्याच्या प्रकाशात दिसतात ते चैतन्य. मुंडकोपनिषदातल्या दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो आणि दुसरा न खाता नुसता पाहतो, हे त्याचे प्रसिद्ध रूपक. गीतेच्या तेराव्या अध्यायात परमात्म्याला उपद्रष्टा, म्हणजे जवळ राहून पाहणारा, म्हटले आहे आणि त्याच श्लोकात भर्ता, म्हणजे सांभाळणारा, असेही म्हटले आहे. मॉर्फियसचा दावा चित्रगुप्तापुरता खरा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागते. वहीच ठेवायची असेल तर यंत्र ती अधिक काटेकोरपणे ठेवील. साक्षीला मात्र पाहिलेल्या गोष्टीतून काही मिळवायचे नसते. यंत्राची नोंद कोणाच्या तरी उपयोगासाठी असते, आणि उपयोग संपला की त्या पाहण्यालाही कारण उरत नाही.

शिवाय चित्रगुप्ताच्या वहीलाही परंपरेने अंतिम मानलेले नाही. भागवताच्या सहाव्या स्कंधातला पापी अजामिळ मरताना नारायण नावाच्या आपल्या मुलाला हाक मारतो आणि यमदूतांना रिकाम्या हाताने परतावे लागते. या कथेवर आक्षेप घेता येतो, आणि तो घेतलाही जातो, की येथे न्यायाचा भंग होतो. पण तिचे मर्म असे की, ज्याला सर्व ठाऊक आहे त्यानेच हिशेब बाजूला ठेवला. क्षमेला या दोन्ही गोष्टी लागतात: पूर्ण ज्ञान, आणि ते असूनही न मोजणे. नोंदयंत्र एक तर लक्षात ठेवते किंवा पुसून टाकते.

हा भेद 'डेयस एक्स' पुन्हा खेळताना प्रत्यक्ष अनुभवाला येतो. न्यूयॉर्कमधल्या खोलीवर सैनिक चालून येतात तेव्हा जेसीचा भाऊ पॉल त्याला खिडकीतून पळून जायला सांगतो. जो ऐकतो त्याचा भाऊ मरतो. जो थांबून लढतो आणि दारातून बाहेर पडतो त्याचा भाऊ वाचतो. खेळ ही शक्यता आधी सांगत नाही, त्यामुळे अनेकांनी पहिल्या वेळी सांगितल्याप्रमाणे खिडकी गाठली आणि त्या मृत्यूला कथेतला अटळ प्रसंग मानले. वर्षांनंतर परतणाऱ्याला ते अटळ नव्हते हे ठाऊक असते. तो थांबतो, लढतो, पॉल वाचतो, आणि आज्ञावलीच्या दृष्टीने आधीचा मृत्यू कधी घडलेलाच नसतो, कारण नव्या नोंदीत त्याचा मागमूसही नाही. खेळणाऱ्याच्या मनात मात्र दोन्ही वेळा एकत्र हजर असतात. पहिल्या वेळी भावाला सोडून गेल्याची टोचणी दुसऱ्या वेळी तो वाचल्याने नाहीशी होत नाही, उलट अधिक स्पष्ट होते. यंत्राने त्याला क्षमा केलेली नाही. यंत्राला ते ठाऊकच नाही.

न्यायदर्शनाने आत्म्याच्या सिद्धीसाठी याच प्रकारचा युक्तिवाद केला आहे. 'पूर्वी पाहिलेला हाच तो' या ओळखीला प्रत्यभिज्ञा म्हणतात, आणि पूर्वी पाहणारा व आता ओळखणारा एकच नसेल तर ती घडणार नाही, असे नैयायिक म्हणतात. बौद्ध त्यावर उत्तर देतात की टिकून राहणारा कोणी मानण्याची गरज नाही; एका क्षणाने पुढच्या क्षणाला दिलेल्या संस्कारांची परंपरा पुरेशी आहे. पॉलच्या खोलीत परतल्याने हा वाद मिटत नाही. पण ती टोचणी दोन्ही पक्षांना मान्य करावी लागते, आणि साठवलेल्या नोंदीत तिला कोठेही जागा नाही, हेही मान्य करावे लागते. खेळाच्या शेवटाजवळ सर्व संदेशवहन हाती आलेली हेलिओस नावाची बुद्धी जेसीला आपल्यात विलीन होण्यास सांगते, कारण माणसांवर राज्य करण्यासाठी लागणारी माणसाची समज आपल्यापाशी नाही हे तिने ओळखलेले असते. मॉर्फियसने जे पुरेसे मानले होते ते त्याच्याहून कितीतरी बलवान यंत्राला अपुरे वाटले.