पारणे नसलेला उपवास

आषाढी एकादशी सरून द्वादशीची सकाळ उजाडली होती, पारण्याची पाने मांडली गेली होती, आणि वरणभातावर तुपाची धार पडताच आम्ही सारे तृप्तीने पहिला घास घेत असता माझी सतरा वर्षांची भाची मात्र तूप लागलेली शिते बोटाने वेगळी करून पानाच्या कडेला एका ओळीत लावीत बसली होती. तिच्या हातातली बांगडी मनगटावरून सरकत कोपराशी गेली होती, आणि त्या दमट उकाड्यातही तिच्या अंगात स्वेटर होता. “माझं अजून चालूच आहे, मामा,” ती म्हणाली, तेव्हा माझी बहीण कौतुकाने उद्गारली, “किती नेमाची आहे पोर!” त्या कौतुकात मीही सामील झालो होतो, ही गोष्ट आज लिहिताना मनाला डाचते.

उपवासाला आपल्याकडे जो मान आहे तो अकारण नाही. परंतु ज्या तपाचे आपण कौतुक करतो त्याचा कर्ता कोण, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. पाणिनीने कर्त्याचे लक्षण सांगताना स्वातंत्र्यालाच प्रमाण मानले आहे. व्रताला संकल्प असतो, मुदत असते, पारणे असते, उद्यापन असते. म्हणजे जो अन्न सोडतो तोच ते पुन्हा हाती घेऊ शकतो, आणि या सामर्थ्यातच त्याचा संयम सिद्ध होतो. ज्या उपवासाला पारणेच नाही, ज्यात घास उचलण्याच्या नुसत्या विचाराने माणूस भयभीत होतो, तेथे अंमल त्याचा उरलेला नसतो. त्याच्या नावाने रोगच हुकूम सोडीत असतो.

सिद्धार्थ गौतमाने देहाचा अस्थिपंजर होईपर्यंत अन्न तोडून पाहिले आणि क्षीण देहाने बोध साधत नाही हे ओळखून पुन्हा आहार घेतला, तेव्हा पाच सोबती त्याला भ्रष्ट समजून सोडून गेले. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अँसेल कीज यांनी युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्या ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांना वैराग्य तर आले नाहीच, उलट ते उदास व चिडखोर झाले, पाकक्रियेची पुस्तके वाचू लागले आणि अन्नाचीच स्वप्ने पाहू लागले. दीर्घ उपासमार मनाला मोकळे करीत नाही, ती त्याला अन्नाच्या दावणीला बांधते. सिएना येथील संत कॅथरीन १३८० साली अवघ्या ३३ व्या वर्षी निवर्तली. लोक तिच्या अन्नत्यागाला पुण्य समजत असताना, आपल्याला इतरांसारखे जेवता यावे म्हणून आपण देवाची प्रार्थना करतो, असे तिने स्वतः पत्रात कळवले होते.

१८७३ साली लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या दोन वैद्यांनी या अवस्थेचे व्याधी म्हणून वर्णन केले. आज तिला अॅनोरेक्सिया म्हणतात. वजन झपाट्याने उतरणे, पाळी थांबणे, सतत थंडी वाजणे, घेरी येणे, हातापाठीवर बारीक लव उगवणे, आणि हाडे दिसू लागली तरी आपण जाड आहोत अशी खात्री असणे, ही तिची लक्षणे होत. बुलिमिया नावाची तिची बहीण अधिक फसवी आहे. तिच्यात माणूस चोरून भराभर खातो आणि मग ओकून टाकतो, वजन मात्र बहुधा बेताचेच राहते, म्हणून जेवण होताच न्हाणीघराकडे जाणारी पावले आणि झिजलेले दात यांकडेच लक्ष द्यावे लागते. मुलगेही या व्याधींतून सुटत नाहीत.

अशा वेळी घरचे लोक दटावतात, शपथा घालतात, किंवा एकदम भरपेट जेवू घालतात. यांतील शेवटचा उपाय तर प्राणावर बेतू शकतो, कारण दीर्घ उपासमारीनंतर अकस्मात अन्न मिळाल्याने रक्तातील क्षार ढासळतात आणि हृदयाला धोका पोहोचतो. म्हणून हे काम मनोविकारतज्ज्ञ, शरीरवैद्य आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून करावयाचे आहे, आणि कुटुंबाने त्यांच्या हाताखाली उभे राहावयाचे आहे. पहिले पाऊल कोठे टाकावे हे न सुचल्यास सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे.

माझी बहीण डॉक्टरांकडे जाण्यास प्रथम कचरली, कारण देवाच्या नेमाची फिर्याद वैद्याच्या कचेरीत न्यावी हे तिला अधर्म वाटत होते. तेव्हा मला आपल्या धर्मशास्त्रातले एक वचन आठवले. व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी त्यात मोजल्या आहेत, आणि पाणी, कंदमुळे, फळ, दूध, गुरूची आज्ञा यांच्या पंक्तीला तेथे औषधही बसविले आहे. मी तिला एवढेच म्हणालो, “ताई, तिचं औषध म्हणजे जेवणच आहे.” पुढच्या उपचाराला कित्येक महिने लागले, आणि मध्ये माघारीचे दिवसही आले, पण एका सकाळी, कोणतीही तिथी नसताना, तिने पानातला तूप लागलेला भात न निवडता कालवला आणि भीतभीत का होईना पण घास तोंडात घातला. त्या दिवशी तिचे पारणे झाले.