राहिलेली चारशे पावले

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास मी माजघरात येरझारा घालीत होतो. मनगटावरच्या घड्याळात नऊ हजार सहाशे पावले जमा होती, आणि दहा हजार झाल्याखेरीज अंथरुणाला पाठ लावायची नाही असा माझा नेम आहे. नातीला गोष्ट हवी होती. "आजोबा, बसा ना!" "चारशेच राहिली गं," मी म्हणालो. ती पुरी करून वळलो, तो पोर उशीला बिलगून झोपी गेली होती.

यात माझे चुकले काय? पाडव्याला सुरू झालेला व्यायाम तुळशीच्या लग्नापर्यंत टिकत नाही, हा घरोघरचा अनुभव. मी तीन वर्षे टिकलो, तो या आकड्याच्याच आधाराने. त्याच्याशी कृतघ्न कसा होऊ?

पण हा आकडा आला कुठून? मला वाटे, कुणा धन्वंतरीने नाडी पाहून तो काढला असेल. तसे काही नाही. टोकियोचे ऑलिंपिक १९६४ साली झाले. पुढच्याच वर्षी जपानात पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले. त्याचे नावच मुळी 'दहा हजार पावलांचे मापक' अशा अर्थाचे! आकडा गोल, लक्षात राहणारा. तो जगभर पसरला. २०१९ साली अमेरिकेतल्या सोळा हजारांवर वृद्ध स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण २,७०० चालणाऱ्यांहून कमी दिसले, आणि साडेसात हजारांपुढे ते फारसे घटेना. मी स्त्री नव्हे हे खरे. वय मात्र त्यांच्याच जवळपासचे. तेव्हा परवाची ती चारशे पावले काही प्रकृतीसाठी नव्हती.

मग कुणासाठी? इथेच खरी गोम आहे. स्वतःला दिलेल्या वचनात देणारा मीच, घेणारा मीच. म्हणजे मनात येईल तेव्हा माफ करणाराही मीच. आणि जे वचन रोज संध्याकाळी माफ करता येते, ते वचन कसले? म्हणून आपण तिसऱ्याला साक्षीला बसवतो. सूर्यनमस्कारांतही मोजणी असतेच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा केवढा प्रसार केला! पण तिथे मोजताना मित्र, रवि, सूर्य, भानु अशी बारा नावे घ्यायची. साक्षीदार समोर उगवलेला असे. माझा साक्षीदार मनगटाला बांधलेला, आणि त्याला पावलांखेरीज काही दिसत नाही. चालणारा कुणाला टाळून चालतो आहे, हे त्याने कसे सांगावे?

पण नेम मोडावा असेही मला म्हणवत नाही. आज एक दिवस नातीसाठी सोडला, तर उद्या पावसासाठी आणि परवा चकलीसाठी सुटेल. मी स्वतःला चांगला ओळखतो.

काल आठ हजार दोनशेवरच बसलो. गोष्ट राक्षसाची होती. बसल्या बसल्या हात जोराने हलविला तरी घड्याळ पावले मोजते, हे मला ठाऊक आहे. राक्षसाचे वर्णन करताना माझे हातवारे जरा जास्तच झाले. नात मात्र खूश होती.