तार झिजावी की पडदा?

बेस गिटारची तार निवडताना दोन गोष्टी एकदमच ठरतात: आवाज कसा हवा, आणि त्या आवाजापायी वाद्याचा कोणता भाग झिजू द्यायचा. तार पडद्यावर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, दाबली की स्वर निश्चित होतो आणि त्याच दाबाने तार व पडदा एकमेकांना घासतात. झीज अजिबात नको असेल तर तार दाबताच येणार नाही, म्हणजे पडद्यावरचा स्वरही मिळणार नाही. झीज टळत नाही. ती कोणाच्या वाट्याला द्यायची एवढेच हातात राहते. नाशवंत साधनातून उमटणाऱ्या नादाची किंमत कोणी मोजावी, हा प्रश्न भारतीय धर्मचिंतनात वीणेच्या निमित्ताने फार पूर्वीपासून विचारला गेला आहे. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत त्याला आपापल्या रीतीने भिडणाऱ्या दोन परंपरा शेजारी नांदतात: वारकरी संप्रदाय आणि बौद्ध धम्म.

आधी झीज कशी होते ते पाहू. बेसची तार म्हणजे पोलादाचा गाभा आणि त्यावर घट्ट वेढलेली दुसरी तार. वेढा गोल तारेचा असला की तिला राउंडवाउंड म्हणतात. तिच्या अंगावर बारीक खाचा राहतात. तिचा आवाज लखलखीत, उपस्वरांनी भरलेला असतो. पण बोट सरकवताना किंवा स्वर ओढताना त्याच खाचा पडद्यावर कानशीसारख्या फिरतात. वेढा चपट्या पट्टीचा असला की ती फ्लॅटवाउंड. तिचे अंग गुळगुळीत, आवाज गोल, खोल आणि काहीसा मिटलेला; पडदे मात्र तिच्याखाली बरेच दिवस टिकतात. दोहोंच्या मधली, गोल वेढा वरून घासून सपाट केलेली तारही मिळते. १९५१ साली बाजारात आलेल्या फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसवर चपट्या वेढ्याच्या तारा असत. १९६० च्या दशकात गोल वेढ्याच्या तारा आल्या आणि रॉक संगीताने तो धारदार आवाज उचलला.

धातूचाही हिशेब असतो. बहुतेक पडदे जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे असतात. नावात चांदी असली तरी धातूत ती नसते. स्टेनलेस स्टीलचा वेढा त्याहून कठीण असल्यामुळे पडदा लवकर खातो. निकेलचा मुलामा दिलेला वेढा त्या मानाने मवाळ. पडदेच स्टेनलेस स्टीलचे बसवले तर पारडे उलटते आणि तार आधी संपते. जास्त वाजवलेला जुना बेस उजेडात तिरका धरला, तर पहिल्या काही पडद्यांवर नेमक्या तारांखाली छोटे खळगे दिसतात. खळगा खोल गेला की तार पुढच्या पडद्याला लागते आणि स्वराऐवजी खरखर ऐकू येते. मग कारागीर सगळे पडदे एका पातळीत घासतो आणि त्यांचा माथा पुन्हा गोल करतो. अशा प्रत्येक दुरुस्तीत पडद्याची उंची घटते, आणि अखेर पडदेच बदलावे लागतात. तार मात्र वाजवणारा स्वतः थोड्या वेळात बदलू शकतो.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या महाड-पोलादपूर पट्ट्यात झिजेला हवामानाची जोड मिळते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, महिनोन्‌महिने दमट हवा, त्यात बोटांचा घाम. तारेवर गंजाचा थर चढला की गुळगुळीत तारही खरबरीत होते. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तार पुसणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. बेंजोचीही हीच गत. कोकणात हळदीला आणि मिरवणुकीत वाजणाऱ्या या वाद्याची कळ दाबली की ती तारेला पडद्यावर टेकवते. धातू धातूवर रात्रभर आपटत राहतो.

आता प्रश्नाची तात्त्विक बाजू. झिजणाऱ्या या सगळ्या वस्तूंत नाद नेमका असतो कुठे? महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत ज्या धम्माच्या भिक्खूंनी वर्षावास केले, त्याच्या संयुत्त निकाय या ग्रंथात एक दृष्टांत येतो. वीणेचा मंजुळ आवाज कधीच न ऐकलेला एक राजा तो आवाज आणून द्यायला सांगतो. लोक वीणा आणतात. राजा म्हणतो, वीणा नको, आवाज हवा. लोक समजावतात की पोकळ द्रोणी, कातडे, दांडी, तारा, तार छेडायची नखी आणि वाजवणाऱ्याचे श्रम एकत्र आले म्हणजे वीणा बोलते. राजा वीणेचे शंभर तुकडे करतो, ते जाळतो, राख वाऱ्यावर उडवतो. आवाज सापडत नाही. तसाच ‘मी’ रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांत, म्हणजे माणसाच्या घटकांत, शोधूनही सापडत नाही, असे बुद्ध दाखवतात. नाद ही वस्तू नव्हे. अनेक कारणांच्या भेटीत तो घडतो.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला वीणेचाच दाखला देतो, पण वेगळ्या दिशेने. वाजत्या वीणेचे सुटे सुटे स्वर मुठीत धरता येत नाहीत. वीणा किंवा वीणावादक धरला की ते हाती येतात. अनेकांच्या मुळाशी एक आहे, तो आत्मा जाणला की बाकीचे जाणले जाते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याने नादाचे दोन प्रकार सांगितले: आघातावाचून असलेला अनाहत आणि आघाताने उमटणारा आहत. अनाहत नादाची उपासना मुनींची. त्यात रंजन नाही म्हणून तो सामान्य माणसाचे मन रमवत नाही. ते काम आहत नादाचे, आणि तो भवबंधनही तोडतो, असे शार्ङ्गदेवाचे म्हणणे. त्याची वाटणी वाद्याला लावली तर निष्कर्ष सरळ निघतो: लोकांच्या कानी पडणाऱ्या संगीताला आघात लागतो, आणि आघात म्हटला की झीज आली.

तिन्ही मते नादाच्या मुळाविषयी एकमेकांपासून दूर आहेत. वाद्य नाशवंत आहे, यावर मात्र तिन्हींत वाद नाही. मग नाशवंत साधन वापरायचे किती आणि जपायचे किती? इथे सोण कोळिविसाची कथा उपयोगी पडते. चंपा नगरीच्या श्रीमंत घरातला, अतिशय नाजूक पायांचा हा तरुण भिक्खू झाला. चंक्रमणाचा, म्हणजे येरझारा घालत ध्यान करण्याचा, अभ्यास त्याने इतका ताणला की पाय फुटून वाट रक्ताने माखली. तरी चित्त मोकळे होईना, तेव्हा घरी परतावे असे त्याच्या मनात आले. तो गृहस्थपणी वीणा वाजवण्यात तरबेज होता. बुद्धांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? फार सैल सोडल्या तर? दोन्ही वेळा उत्तर नाही असेच आले. प्रयत्नही तसाच सम लावावा, हा त्यातला उपदेश.

हा उपदेश सर्वांना ठाऊक असतो. विनयपिटकातला, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातला, पुढचा भाग कमी सांगितला जातो. सोण सुकुमार आहे म्हणून बुद्धांनी त्याला एका पदराची पादत्राणे वापरण्याची मुभा दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेतली नाही. संघाला मिळणार असेल तरच घेईन, असे तो म्हणाला, आणि मुभा सर्वांना मिळाली. पाय आणि जमीन यांच्यामध्ये कातड्याचा एक पदर आला: झिजेल तो कातड्याचा तुकडा, पाय नाही. तार आणि पडदा यांच्यातली निवड याच तत्त्वावर होते. सहज बदलता येणाऱ्या भागाने झिजावे, ज्याची जागा भरून काढणे कठीण तो वाचावा.

वारकऱ्यांच्या अखंड हरिनाम सप्ताहात याच प्रश्नाला दुसरे उत्तर मिळते. पोलादपूर-महाडच्या गावांत सप्ताह बसला की मुंबईत कामाला असलेली माणसेही गावी येतात. सात दिवस, रात्रंदिवस, काल्याचे कीर्तन होईपर्यंत वीणा खाली ठेवत नाहीत. विणेकरी पहाऱ्याने बदलतात. एक जण वीणा गळ्यातून काढतो, दुसरा तिला नमस्कार करून ती आपल्या गळ्यात घालतो. इथे झीज माणसाच्या वाट्याला येते: खांदा भरून येतो, पाय जड होतात, झोप मोडते. देह सेवेत झिजावा ही संप्रदायाची शिकवण आहेच. परंतु पहाऱ्यांची व्यवस्था एकाच देहाला पुरते झिजवत नाही. अखंडपणा नामाचा असतो, कोणा एकाच्या उभे राहण्याचा नसतो. पडद्यावर खळगा पडतो तो भार एकाच जागी येत राहिल्यामुळे. पहारा तो भार फिरता ठेवतो.

या दोन उत्तरांतून एक मर्यादाही स्पष्ट होते. बदलता येण्याजोग्याने झिजावे हा नियम वस्तूंमध्ये निर्दोष आहे. माणसांना लावला की तो अन्याय ठरतो. काही माणसे झिजण्यासाठीच आणि काही जपण्यासाठी, अशी वाटणी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केली, आणि १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह अशाच वाटणीविरुद्ध होता. सोणाने एकट्यासाठी सवलत नाकारणे आणि सप्ताहात विणेकऱ्यांनी पहारा वाटून घेणे, या दोन्हींतून एकच निघते: माणसांत कोणी कोणाची तार नाही, झीज आणि सोय दोन्ही सर्वांच्या.

तारेच्या निवडीकडे वळले तर यातून नियम असे निघतात. आवाज हा पहिला निकष, कारण वाद्य त्यासाठीच आहे. केवळ पडदे टिकावेत म्हणून न आवडणारा आवाज पत्करणे म्हणजे तार फार सैल सोडणे. आवाज धारदार हवा असेल आणि पडदे जर्मन सिल्व्हरचे असतील, तर निकेलचा मुलामा दिलेली गोल वेढ्याची तार हा सम मार्ग. आवाज खोल हवा असेल तर चपटा वेढा पडदेही वाचवतो. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन अशाच तारा वापरी आणि त्या तुटेपर्यंत बदलत नसे, अशी त्याची ख्याती आहे; तारेचे जुनेपण त्याच्या आवाजाचाच भाग झाले होते. स्टीलची गोल तारच हवी असेल तर पडद्यांच्या दुरुस्तीचा खर्च आधीच धरून चालावे, किंवा पडदे स्टेनलेस स्टीलचे बसवून झीज तारेकडे वळवावी. आणि तार कोणतीही असो, स्वर निघण्यापुरताच दाब द्यावा. गरजेपेक्षा जास्त दाबल्याने आवाजात काही भर पडत नाही. सूर चढा होतो आणि खळगा लवकर पडतो.