तिला कुणी विचारलं?

८ जानेवारी २०११ला डेन्मार्कच्या राजघराण्यात जुळी मुलं जन्मली. आधी व्हिन्सेंट, २६ मिनिटांनी जोसेफिन. गादीच्या रांगेत तो चौथा, ती पाचवी. त्यांच्या पुढे तिसऱ्या नंबरवर त्यांची थोरली बहीण इसाबेला, आणि ती तिथंच राहिली. कायदा जुनाच असता, तर एका दिवसाच्या व्हिन्सेंटनं तिला मागं टाकलं असतं, कारण तोवर मुलगा धाकटा असला तरी मुलीच्या आधी धरला जाई.

७ जून २००९च्या सार्वमतात डॅनिश मतदारांनी हे बदललं. थोरलं ते थोरलं, मुलगा असो वा मुलगी. मत द्यायला गेलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांनी होकार दिला.

मला हा निर्णय पटतो, आणि तरी तो नीट पचत नाही. राजेशाही म्हणजेच जन्मावर बेतलेली असमानता. एका घरातलं बाळ राजा होणार, शेजारच्या घरातलं नाही. अशा व्यवस्थेत भावाबहिणीला समान हक्क देऊन आपण न्याय केला, की अन्यायाची वाटणी तेवढी सारखी केली?

याचं उत्तर शोधायला त्या घरात जन्मलेल्या मुलींकडे बघावं लागतं.

पहिली मार्गारेट १३५३ची. दहा वर्षांची असताना तिचं लग्न नॉर्वेच्या राजाशी लागलं. पुढे नवरा गेला, १३८७मध्ये मुलगाही गेला, आणि डेन्मार्कच्या सरदारांनी तिच्या हाती राज्य दिलं. पण राज्य करणाऱ्या बाईला म्हणायचं काय? त्यांनी तिला जी बिरुदं दिली त्यांत ‘हुस्बोंद’ हा शब्द होता, म्हणजे आपल्याकडचा घरधनी. याच घरधन्यानं पुढे डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन एका छत्राखाली आणले. तिच्या कर्तबगारीबद्दल कुणाला शंका नव्हती. भाषेत तिच्यासाठी जागा नव्हती, एवढंच.

बाकीच्या बहुतेक मुली ‘परक्याचं धन’ होत्या, आणि इथं ते धन अगदी शब्दशः मोजलं जाई. सोफिया मॅग्दालेनाची सोयरीक ती पाच वर्षांची असतानाच स्वीडनच्या युवराजाशी ठरली, दोन देशांतलं वैर मिटावं म्हणून. एकोणिसाव्या शतकातल्या डागमारची कथा तर विलक्षण आहे. १८६४मध्ये तिचा साखरपुडा रशियाच्या युवराजाशी झाला. पुढच्याच वर्षी तो आजारानं गेला. १८६६मध्ये तिचं लग्न त्याच्या धाकट्या भावाशी झालं. तिनं धर्मपंथ बदलला, नाव बदललं, ती मारिया फ्योदोरोव्हना झाली. संसार मात्र सुखाचा झाला म्हणतात. पुढे क्रांतीत तिचा मुलगा, शेवटचा झार, कुटुंबासह मारला गेला आणि ती माहेरी परतून १९२८मध्ये वारली. २००६मध्ये तिची शवपेटी डेन्मार्कहून पुन्हा रशियात नेली, नवऱ्याशेजारी पुरायला.

कुणी म्हणेल, सुखाचा संसार झाला ना, मग तक्रार कसली? पण हाच युक्तिवाद आपल्याकडे प्रत्येक ठरवून केलेल्या लग्नानंतर ऐकू येतो. शेवट गोड झाला म्हणून सुरुवातीचा प्रश्न मिटत नाही. तिला विचारलं होतं का, हा प्रश्न ती सुखी झाली का, यापेक्षा वेगळा आहे.

आता आपल्या ओळखीची मार्गारेट, दुसरी. ती १६ एप्रिल १९४०ला जन्मली, जर्मन फौजा देशात शिरल्यानंतर बरोबर आठवड्यानं. तेव्हा मुलींना गादीचा हक्कच नव्हता, तिच्या वडिलांनंतरचा वारस होता तिचा काका. राजाला तीन मुलीच झाल्या, म्हणून १९५३मध्ये नवी राज्यघटना आणि वारसाहक्काचा नवा कायदा सार्वमताला टाकला गेला. तो मंजूर झाला आणि तेरा वर्षांची मुलगी युवराज्ञी झाली. साऱ्या देशाला विचारलं. जिच्या आयुष्याचा प्रश्न होता, ती मतदानाच्या वयाची नव्हती. २००९मध्येही इसाबेला दोन वर्षांची होती.

मार्गारेट १९७२मध्ये राणी झाली आणि ५२ वर्षं राहिली. त्या काळात तिनं चित्रं काढली, नाटकांचे पोशाख केले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या डॅनिश आवृत्तीत तिची चित्रं ‘इंगाहिल्ड ग्रॅथमर’ या टोपणनावानं छापली गेली. मला हा तपशील फार बोलका वाटतो. जन्मानं मिळालेल्या नावापुढे लोक वाकतात, म्हणून स्वतःचं काम पारखून घ्यायला तिला स्वतः निवडलेलं नाव लागलं असावं.

इथं एक आक्षेप रास्त आहे. राजवाड्यात राहणाऱ्यांची कीव कशाला? त्याच राजवाड्यात फरशी पुसणाऱ्या बाईकडे कितीसे पर्याय असतात? खरंच, तिची अडचण मोठी आहे आणि ती आधी सोडवली पाहिजे. पण मी कीव मागत नाहीये. सगळ्या सोयी हाताशी असलेल्या आयुष्यात काय उणं राहतं, ते राजवाड्यात स्पष्ट दिसतं. गरिबाच्या घरी ते पैशाच्या चिंतेमागे झाकलं जातं.

ते उणं काय, हे २०२२मध्ये दिसलं. राणीनं धाकट्या मुलाच्या, योआकिमच्या, चारही मुलांचे राजपुत्र-राजकन्या हे किताब काढले. कारण दिलं की त्यांना घराण्याच्या बंधनांविना आपलं आयुष्य घडवता यावं. हेतू चांगला होता. पण योआकिम जाहीरपणे दुखावला आणि राणीला दिलगिरी व्यक्त करावी लागली, निर्णय मात्र कायम राहिला. धाकटी अथीना तेव्हा दहा वर्षांची होती. किताब मिळाला तेव्हा ती बाळ होती. गेला तेव्हा ती कळत्या वयाची होती, पण निर्णय आजीचाच. स्वातंत्र्यसुद्धा न विचारता हातात ठेवलं, की तो हुकूमच होतो.

म्हणून २००९च्या कायद्याबद्दल माझं मत असं झालंय: तो न्याय्य आहे, पण पहिलीच पायरी आहे. मुलगी मुलापेक्षा कमी नाही, हे एका देशानं राज्यघटनेच्या पातळीवर कबूल केलं, आणि त्याचा अर्थ राजवाड्याबाहेरच्या मुलींपर्यंतही पोचतो. पण समान वाटा देणं आणि मान देणं यात फरक आहे. वाटा कायद्यानं देता येतो. मान द्यायचा तर समोरच्याला विचारावं लागतं, आणि ‘नको’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवावी लागते.

१४ जानेवारी २०२४ला मार्गारेटनं गादी सोडली. डेन्मार्कमध्ये स्वतःहून पायउतार होण्याची ही जवळपास नऊशे वर्षांतली पहिली वेळ. ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार तिनं वापरला, तेव्हा ती ८३ वर्षांची होती. इसाबेला आता सज्ञान झाली आहे, गादीच्या रांगेत दुसरी आहे. तिला हे सगळं हवंय की नको, हे मला ठाऊक नाही. पण ‘नको’ म्हणायला तिला ८३ वर्षांची होईपर्यंत थांबावं लागू नये.